बाबांची जावा आणि पाव मिलीमीटर

मंडळी, ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकात बेळगावात गेलं, त्यांना जावाचा आवाज वेगळा सांगायला नको. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. आणि ज्या दांड्यानं किक मारायची, तोच पुढे फिरवला की गिअरचा दांडा!

मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ मध्ये यानेचेक या उद्योजकानं आपल्या आडनावातला 'जा' (तिकडे त्याचा उच्चार 'या') आणि 'वाँडरर' या जर्मन कंपनीतला 'वा' जोडून हे नाव केलं. १९६१ पासून ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपलं बेळगावही म्हैसूर राज्यात गेलेलं, म्हणून बाबांच्या १९६७ च्या गाडीची नंबरप्लेट 'एमवाय'नं सुरू होते. १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि त्याच सुमारास गाडीचंही 'येझदी' झालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आमच्या घरी मात्र ती जावाच राहिली.

बाबा गेल्यावर गाडी चार वर्षं जिन्याखाली उभी होती. मी हौसेनं चालू केली, तर मागे निळसर-पांढरा धूर, गल्ली भरून. प्लग काढला तर तेलानं ओला. एका गॅरेजवाल्यानं गाडीकडे नीट न बघताच सांगितलं, "बोअर गेलाय. बोअरिंग करून नवा पिस्टन टाकू."

मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. पण बाबांचे जुने मिस्त्रीमामा आठवले. उद्यमबागेत त्यांचा लेथ होता, आता मुलगा चालवतो. मामांनी गाडी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "गिअरबॉक्सचं ऑइल कमी झालंय काय रे?"

झालं होतं. खाली जमिनीवर मात्र एक थेंब नाही.

मामांनी समजावलं ते असं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येतं. ती जागा दोन्ही बाजूंनी हवाबंद लागते आणि ते काम क्रँकवरची ऑइल सील करतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर कडक होतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन तिथलं ऑइल ओढून जाळतं, म्हणून धूर. दुसऱ्या बाजूचं गेलं तर नुसती हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो.

"मग बोअर?" मी विचारलं.

"मोज की आधी!"

डायल गेजनं सिलिंडर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजला. मूळ माप ६५ मिलीमीटर. आमचा ६५.७५ भरला, म्हणजे पाव-पाव मिलीमीटर करत तीनदा बोअरिंग होऊन गेलेलं. नवी झीज जास्तीत जास्त ०.०४. रिंगा नव्या घातल्या, गॅप तपासला, बरोबर बसला. कापायची गरजच नव्हती. मामा म्हणाले, "कापलेलं लोखंड परत येत नाही बाबा. ह्यात अजून एक-दोनदाच कापायला जागा आहे. ती तुझ्या पोराला ठेव."

खरा दोष दुसरीकडेही निघाला. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढला, तर बारीकसा 'टक्' लागला. आडवा थोडा हलला तर चालतो, उभा हलता कामा नये. म्हणजे बिग एंड झिजलेला. क्रँक बाहेर काढली, प्रेसवर पिन उतरवली, नवी पिन, रोलर आणि रॉड घातला. मग डायल लावून तांब्याच्या हातोड्यानं टिचक्या मारत मामांनी अख्खी दुपार ती सरळ केली. दोन्ही सील आणि बेअरिंग नवी.

तिसऱ्या किकला चालू झाली. ऑइल मिसळलेलं पेट्रोल, त्यामुळे थोडा धूर राहणारच. पण गल्लीतल्या काकू दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगोबाई, मला वाटलं भाऊच आले."

बाबांची हिशोबाची वही चाळली, तर तिन्ही बोअरिंगच्या तारखा त्यात सापडल्या. त्याच पानावर मी आता खाली लिहिलंय: सील, बिग एंड, रिंगा. बोअर ६५.७५, कापला नाही.

तुमच्याकडेही जिन्याखाली, परसात एखादी जुनी गाडी उभी असेल, तर भंगारात किंवा बोअरिंगला देण्याआधी एकदा मोजून घ्या. आणि तुमच्या घरच्या जावाची आठवण खाली नक्की लिहा.