समुद्रातल्या गॅसचा दुसरबीडपर्यंतचा रस्ता

(दुसरबीड, ता. सिंदखेडराजा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

समृद्धी महामार्गाच्या कडेनं गॅसची पाइपलाइन गेली आहे. लाइनीच्या कडेच्या गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: गॅस आम्हाला कधी? उत्तरासाठी पन्नास वर्षं मागं जावं लागतं.

फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' या खोदकाम करणाऱ्या जहाजाला मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात तेल सापडलं. तेच मुंबई हाय. 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. आता तेलाबरोबर गॅसही वर येतो, आणि त्याची पंचाईत अशी की तेलासारखा तो सहज साठवून ठेवता येत नाही. आज निघाला तो आजच कुणीतरी घ्यावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत घेणारे कमी होते, म्हणून पुष्कळ गॅस तिथंच जाळून टाकला गेला.

म्हणजे गॅसच्या धंद्यात आधी गिऱ्हाईक ठरतं, मग पाइप. पहिली मोठी गिऱ्हाइकं किनाऱ्यावरच मिळाली: उरणचं वीज केंद्र आणि आरसीएफचे ट्रॉम्बे व थळचे खत कारखाने. युरिया बनतो अमोनियापासून आणि अमोनिया गॅसपासून. तेव्हा खरं बघायला गेलं तर समुद्रातला गॅस आपल्या शिवारात केव्हाच पोचलाय, 'उज्ज्वला' युरियाच्या गोणीतून! पाइप नव्हता, एवढंच.

पाइप गेला कुठं? वसईच्या नावानं ओळखलं जाणारं दक्षिण बसीन हे मोठं गॅसक्षेत्र. तिथला गॅस समुद्राखालून गुजरातमध्ये हजिऱ्याला नेला. 1984 मध्ये गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिनं हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही लाइन टाकली. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातले सहा खत कारखाने आणि अंता, औरैया इथली वीज केंद्रं तिच्यावर उभी राहिली. विदर्भाकडे कोराडी, चंद्रपूरची कोळशावरची वीज केंद्रं होती. गॅसवर चालणारं मोठं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून लाइनही नव्हती. नकाशावर अंतर कमी असून उपयोग नसतो, मागणीची खात्री लागते.

पण पाइप आला म्हणजे गॅस आला, असंही नाही. 27 जुलै 2005 ला मुंबई हाय नॉर्थच्या फलाटावर एक जहाज आदळलं. आग लागून 22 माणसं गेली आणि फलाट जळून गेला. एका ठिकाणचा अपघात, पण पुरवठ्याला झळ दूरवर बसली.

दुसरं उदाहरण दाभोळचं. 2009 मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस सुरू झाला. काकीनाड्याहून भरूचपर्यंत सुमारे 1,400 किलोमीटरची लाइन महाराष्ट्रातूनच टाकली होती. दोन-तीन वर्षांत उत्पादन कोसळलं. 2013 मध्ये दाभोळच्या वीज केंद्राला गॅस मिळेना. केंद्र उभं, पाइप जमिनीत, आणि वीज बंद!

मग परदेशातून द्रवरूप गॅस आणायचा. 2004 पासून दहेजला कतारचा गॅस उतरतो आहे. पण 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि गेलला करारानं मिळायची जहाजं येईनाशी झाली. आपल्याकडे गॅसचे मोठे भूमिगत साठे नाहीत. पाइपमध्ये भरलेला असतो तेवढाच काय तो आधार, आणि तो फार काळ पुरत नाही.

कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वर पाणी कमी झालं की पहिली कोरडी पडते ती टेल. त्यावर उपाय एकच, पाणी दोन बाजूंनी यायला हवं. मुंबई–नागपूर–झारसुगुडा लाइनीचं खरं महत्त्व इथं आहे. मुंबई–नागपूर टप्पा 694 किलोमीटरचा, त्यातले 675 किलोमीटर समृद्धीच्या पट्ट्यातून. पुढं ही लाइन छत्तीसगडमधून ओडिशात न्यायची आहे. पूर्वेकडचं जाळं जोडलं गेलं तर विदर्भ टेलवर राहणार नाही. ते नीट होईपर्यंत आपण एकाच टोकावर अवलंबून आहोत.

दराचंही बघा. 2006 च्या कायद्यानं नियामक मंडळ आलं. एप्रिल 2023 पासून देशातल्या जोडलेल्या लाइनींना एकत्रित वाहतूक दर लागू झाला. तोवर गॅस जितक्या लाइनी ओलांडून येई तितकं भाडं वाढत जाई. लांबच्या जिल्ह्यांना आता थोडा दिलासा आहे.

जमिनीची गोष्ट वेगळी. एरवी 1962 च्या कायद्यानं पाइपलाइनसाठी फक्त वापराचा हक्क घेतात. मालकी शेतकऱ्याचीच राहते, वर पीक घेता येतं, घर बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. इथं जमीन महामार्गासाठी आधीच गेलेली होती, पाइप त्याच पट्ट्यात बसला.

म्हणून "गॅस कधी?" हा प्रश्न थोडा बदलून विचारा. मोठ्या लाइनीत दाब इतका असतो की तिथून थेट घरात जोडणी होत नाही. दाब कमी करणारं स्टेशन लागतं, मग शहर-गावातलं लहान पाइपांचं जाळं. तेव्हा विचारा: आपल्या तालुक्यासाठी लाइनीला फाटा कुठं ठेवलाय? त्यावर पहिलं गिऱ्हाईक कोण? पश्चिमेकडचा पुरवठा आटला तर गॅस कुठून येणार? 1984 मध्ये हे प्रश्न विजयपूर, जगदीशपूरसाठी विचारले गेले होते. आपल्यासाठी ते आपणच विचारायला हवेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.