आईवर ठेवलेला ठपका : स्वमग्नतेच्या इतिहासातील एक प्रकरण

इ. स. १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत रमत, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारीत; नित्यक्रमातला लहानसा बदलही त्यांना असह्य होई. ही उणीव जन्मजात असावी, असा कॅनर यांचा निष्कर्ष होता. मात्र या मुलांच्या आईबापांत मायेचा ओलावा असलेले थोडेच, असेही त्यांनी जाता जाता नोंदविले. पुढे जगाने निष्कर्ष बाजूला ठेवला आणि ती नोंद तेवढी उचलली.

१९४९ मध्ये कॅनर यांनीच अशा घरांना शीतकपाटाची उपमा दिली, आणि ‘शीतकपाट-माता’ हा शब्द रूढ झाला. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथात या मुलांची तुलना छळछावणीतील कैद्यांशी केली. ते स्वतः डाखाऊ व बुखेनवाल्ड येथे बंदिवान होते. त्या तुलनेत आईची जागा कोणाची, हे वाचकांना निराळे सांगावे लागले नाही. अनुभवाच्या अधिकाराने केलेला अन्याय अधिक खोल जातो, असे मला वाटते.

या मताला पहिला भक्कम प्रतिवाद केला तो एका पित्याने. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलातील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ च्या त्यांच्या ग्रंथाने हा विकार मज्जासंस्थेचा आहे, असे मांडले. त्याला प्रस्तावना कॅनर यांची होती! १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

पुरावा मिळाला तो १९७७ मध्ये. सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. भिन्नबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत नाही. आईचे संगोपन हेच कारण असते, तर दोन गटांत हा फरक दिसता ना.

आपल्याकडे ‘स्वमग्न’ हा शब्द रुळला. तो गोड आहे, पण मूल जणू आपल्या मर्जीने समाधीत बसले आहे, असा भास त्यातून होतो. कायद्याला तर हा शब्दही उशिरा सापडला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. तरीही अनेक पालकांना मुलाच्या दाखल्यावर ‘मतिमंद’ असेच लिहून घ्यावे लागे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान दिले.