वेलांटीचा प्रवास

मनुष्य नव्या साधनास किती दिवसांत रुळतो, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. मलाही तो तसाच वाटे. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा आधार संपला, आणि त्याच सुमारास मीं नवा संगणक घेऊन त्यावर लिनक्सची प्रणाली बसविली. तेव्हां या प्रश्नाच्या पोटांत बराच इतिहास दडलेला आहे, असें दिसून आलें.

पहिल्या पंधरवड्यांत मला सर्वांत अधिक छळलें तें ऱ्हस्व वेलांटीनें. मराठी टंकलेखनयंत्रावर, व त्याच्याच वळणावर गेलेल्या पुष्कळशा जुन्या संगणकीय टंकांत, ‘कि’ उमटविण्यास आधीं वेलांटी व मग ‘क’ दाबावा लागे. कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडाचा क्रम उच्चाराचा आहे. आधीं ‘क’, मागून वेलांटी. ‘क ला वेलांटी कि’ हें लहानपणीं गुरुजींनीं घोकून घेतलेलेंच सूत्र तें! परंतु बोटांस गुरुजींपेक्षां टंकयंत्राची आठवण अधिक. तरीही महिन्याभरांत तीं वळलीं.

असला पालट आमच्या अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, नवा नाहीं. पूर्वीं दप्तराची लिपि मोडी होती. हात न उचलतां झरझर लिहितां यावें, अशी तिची घडण. तींत इकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळीत नसत. छापखान्यास मात्र सुटे खिळे लागतात, आणि मोडीच्या जोडलेल्या वळणांपेक्षां बालबोध अक्षरें त्यांस अधिक सोयीचीं. १८४२ सालीं याच नगरांतून निघूं लागलेलें ‘ज्ञानोदय’ बालबोधांत छापलें जाई. पुढें शाळा व छापखाना यांच्या बळावर बालबोध सर्वत्र पसरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारांतून उठली. मोडी लिहिणाऱ्या कारकुनासही तेव्हां वेलांटी पहिली कीं दुसरी, हा विचार नव्यानें करावा लागला असेल. तोही कांहीं दिवसांत रुळला असेल. अडलें तें त्याच्या नातवाचें. आमच्या घरच्या पेटींत आजोबांचे मोडी कागद आहेत. ते माझ्या रक्ताच्या माणसाचे, परंतु मला निरक्षरासारखे पाहावे लागतात.

हें दुःख जुन्या काळाचें, असें मी समजत होतों. तों नव्या संगणकावर १९९८ सालचें माझें टिपण उघडलें. पारनेर तालुक्यांतील वृद्धांनीं १९७२ च्या दुष्काळाच्या, खडी फोडण्याच्या कामांच्या सांगितलेल्या हकीकती त्यांत होत्या. पडद्यावर रोमी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता कचरा उमटला! त्या काळच्या टंकांत रोमी अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. तो टंक नसला कीं मराठीचा मुखवटा गळून पडतो. हकीकती सांगणारे आतां हयात नाहींत. अवघ्या सत्तावीस वर्षांत मीच माझा आजोबा झालों होतों.

सुदैवानें येथें उपाय आहे. १९९१ च्या पहिल्या युनिकोडांतच देवनागरीस स्वतःचीं स्थानें मिळालीं. तीं कोणा एका टंकाच्या मालकीचीं नाहींत. २०१४ सालीं मोडीसही तीं मिळालीं. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडांत उतरविणारीं साधनें उपलब्ध आहेत. मात्र रफार, जोडाक्षरें व वेलांट्या मागून डोळ्यांनीं तपासाव्या लागतात. मीं महिनाभर रात्रीं तेंच काम केलें, आणि एकेक म्हातारा पुन्हां बोलूं लागला.

तात्पर्य, हाताची काळजी करूं नये, हात शिकतो. काळजी करावी ती मागें राहिलेल्या कागदांची. जुनें साधन जाणणारा कोणी जिवंत आहे, तोंपर्यंतच त्यांस नव्यांत आणणें सोपें असतें. वाचकांनीं आपापल्या पेट्या व जुने संगणक एकदां उघडून पाहावेत.