बॉनेटच्या फटी बंद केल्या की थंडीत मायलेज वाढतं का?

कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतल्या कारवाल्यांच्या रील्स पाहत असाल, तर हा जुगाड नजरेला पडला असेल. बाहेर बर्फ साचलेला, आणि एक माणूस बॉनेट उघडून त्याच्या कडेने काळी रबराची पट्टी चिकटवतोय. म्हणे यामुळे इंजिन लवकर गरम होतं आणि पेट्रोल वाचतं. पट्टी स्वस्त, काम अर्ध्या तासाचं. मग कार कंपन्या हे स्वतःच का करत नाहीत? काही प्रमाणात त्या करतात, त्याबद्दल पुढे येईलच. आधी मुळात थंडीत गाडी जास्त पेट्रोल का पिते ते बघू.

थंडीत मायलेज किती पडतं?

अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीच्या माहितीनुसार, साध्या पेट्रोल कारचं शहरातलं मायलेज २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांना साधारण १५ टक्के कमी होतं. प्रवास ५-६ किलोमीटरचा असेल तर ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. हायब्रिड गाड्यांमध्ये तर ती ३० टक्क्यांच्या पुढे जाते.

छोट्या प्रवासात जास्त फटका का, हे समजलं की अर्धं गणित सुटलं. थंड इंजिनातलं ऑइल घट्ट असतं, गिअरबॉक्सचं ऑइलही तसंच. गाडीचा कॉम्प्युटर गार इंजिनाला मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, कारण थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. कूलंट ८०-९० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत हा खर्च चालूच राहतो. ऑफिस ५ किलोमीटरवर असेल, तर इंजिन गरम होतंय न होतंय तोच तुम्ही पार्किंगमध्ये पोचलेले असता.

बाकीची कारणं इंजिनाबाहेरची आहेत. उणे ७ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते, म्हणजे तिला कापत जायला जास्त जोर लागतो. टायरमधली हवा दर १० अंशांमागे दीड-दोन पीएसआयने उतरते. हिवाळ्यात तिकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ऊर्जा थोडी कमी असते. शिवाय काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत लोक गाडी जागेवर चालू ठेवतात, तेव्हा मायलेज चक्क शून्य असतं.

यातल्या दाट हवेचं, टायरचं किंवा पेट्रोलचं बॉनेटची पट्टी काहीच करू शकत नाही. ती फक्त इंजिनाच्या उष्णतेशी खेळते.

फटीतून नेमकं काय होतं?

गाडी धावते तेव्हा समोरच्या जाळीवर, म्हणजे ग्रिलवर, हवेचा दाब वाढतो. ती हवा रेडिएटरमधून जावी अशी अपेक्षा असते. पण बॉनेटची पुढची कड आणि ग्रिल यांच्यात बोटभर फट असेल, तर थोडी हवा रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनवर जाते. बाहेर उणे १५ असेल तर ही हवा इंजिनाला सतत गार करत राहते. बाजूच्या फटींतून गरम हवा बाहेर निघून जाते, तो नुकसानीचा दुसरा भाग.

पुढची फट बंद केली की थंड झोत कमी होतो आणि बॉनेटखालची हवा थोडी उबदार राहते. पेट्रोल इंजिनाला याचा आणखी एक छोटा फायदा मिळतो. आत जाणारी हवा कोमट असली की ती विरळ असते, मग तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल जरा जास्त उघडावा लागतो आणि हवा ओढताना वाया जाणारे कष्ट कमी होतात.

पण एक गैरसमज इथेच दूर करू. पट्टी म्हणजे गोधडी. गोधडी ऊब तयार करत नाही, आतली ऊब अडवते. रात्रभर उणे २० मध्ये उभी राहिलेली गाडी पट्टी असो वा नसो, सकाळी गारठलेलीच असणार. फायदा दिसतो तो गाडी चालत असताना, किंवा तासाभरासाठी दुकानात जाऊन परत येता तेव्हा. सकाळच्या पहिल्या स्टार्टसाठी थंड प्रदेशांत ब्लॉक हीटर वापरतात. ते रात्री विजेवर इंजिन गरम ठेवतं. कॅनडाच्या काही भागांत तर पार्किंगमध्ये त्यासाठी प्लग पॉइंट असतात. सायबेरियात लोक बॉनेटखाली जाड नमद्याची चादर टाकतात, आणि तिचं रशियन नाव शब्दशः 'गाडीची गोधडी' असंच आहे!

कंपन्यांनी काय केलं?

चांगल्या गाड्यांच्या बॉनेटला पुढे रबराचं बीडिंग कारखान्यातूनच येतं. त्यापुढची पायरी म्हणजे आपोआप उघडझाप करणारी ग्रिल. २०११ च्या शेव्हरोले क्रूझ इको आणि २०१२ च्या फोर्ड फोकसमध्ये ती होती. इंजिन गार असेल किंवा वेग जास्त असेल तर जाळीच्या पट्ट्या मिटतात, तापलं की उघडतात. टोयोटाने तर कमाल केली होती. अमेरिकेत विकल्या गेलेल्या २००४ ते २००९ च्या प्रियसमध्ये गरम कूलंट साठवायला खरोखरचा थर्मास होता, पुढच्या स्टार्टला तेच गरम पाणी इंजिनात सोडायचं.

हातच्या पट्टीत आणि या ग्रिलमध्ये मोठा फरक आहे. ग्रिल गरज संपली की उघडते. पट्टी मे महिन्यातही तिथेच असते.

करायचंच असेल तर

गाडी थंड प्रदेशात असेल आणि रोजचा प्रवास छोटा असेल तरच विचार करा. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची ईपीडीएम रबराची पोकळ पट्टी घ्या. साधा स्पंज नको, तो पाणी पितो, मग गोठतो आणि बॉनेट चिकटून बसतं. आधी फटीत मुलांच्या खेळण्यातली क्ले ठेवून बॉनेट हलकेच बंद करा, दबलेल्या क्लेवरून जाडी कळते. पट्टी जाड झाली तर लॉक नीट बसत नाही, आणि हायवेवर बॉनेट उघडणं म्हणजे जीवाशी खेळ. लावल्यावर लॉक दोनदा तपासाच. चिकटवायचं काम गॅरेजच्या उबेत करा, गार पत्र्यावर गोंद धरत नाही.

फक्त पुढची कड बंद करा. काचेच्या खालची जाळी अजिबात झाकू नका, केबिनची ताजी हवा आणि पावसाचं पाणी जायची वाट तिथेच असते. मागच्या कडेला कंपनीचं रबर असेल तर ते काढू नका, इंजिनाचा धूर केबिनमध्ये येऊ नये म्हणून ते असतं. एक्झॉस्टजवळ फोम, कापड, पुठ्ठा काहीही ठेवायचं नाही. आग लागते.

फरक पडला का, ते फोनवर बघा

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिर राहील असाच बनवलेला असतो. त्याऐवजी ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल घ्या. १९९६ पासूनच्या अमेरिकी कारमध्ये त्यासाठीचा सॉकेट स्टीअरिंगच्या खाली असतो. टॉर्क किंवा कार स्कॅनरसारख्या ॲपमध्ये कूलंटचं आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान लाइव्ह दिसतं. एक आठवडा पट्टीशिवाय, एक पट्टीसह, परत एक पट्टीशिवाय चालवा. रस्ता आणि निघायची वेळ तीच ठेवा. बाहेरचं तापमानही लिहून ठेवा, नाहीतर थंडी कमी झाल्याचं श्रेय पट्टीला जाईल.

अपेक्षा किती ठेवायची? समजा गाडी उन्हाळ्यात लिटरला १२ किलोमीटर देते आणि तुम्ही महिन्याला १००० किलोमीटर चालवता. म्हणजे ८३ लिटर. थंडीत १५ टक्के घट धरली तर ९८ लिटर. जास्तीचे १५ लिटर टायर, हवा, इंधन, हीटर आणि गार इंजिन या सगळ्यांत वाटले जातात. पट्टीच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो. टायरची हवा तपासणं फुकट आहे, आधी ते करा.

इलेक्ट्रिक गाडीत हा खटाटोप करू नका. तिथे रेंज पडते ती मुख्यतः बॅटरी गारठल्यामुळे आणि केबिन गरम करण्यामुळे. आणि पुणे-नाशिकवाल्यांनो, निफाडचा पारा ५ अंशांवर आला तरी दुपारी ऊन असतंच आणि एप्रिलमध्ये चाळिशी गाठायची असते. आपल्याकडे बॉनेटखालची हवा बाहेर पडणं हीच गरज आहे. तिकडे शिकायला गेलेला भाऊ किंवा मैत्रीण असेल, तर ही लिंक त्यांना पाठवा, आणि मार्चअखेर पट्टी काढायचा रिमाइंडर फोनमध्ये लावायला सांगा.