अँग्लिकन चर्च-कुटुंब : शासन, ऐक्य व समाईक श्रद्धा (भोर, वेल्हे व पुणे परिसराच्या संदर्भात)

इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चपासून उगम पावलेल्या, परंतु आज त्याच्या अंमलाखाली नसलेल्या, चाळीसांहून अधिक स्वायत्त चर्चांच्या जागतिक बंधुसमुदायास अँग्लिकन चर्च-कुटुंब म्हणतात. महाराष्ट्राचे या कुटुंबाशी असलेले आजचे नाते मुख्यतः चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त चर्चच्या द्वारे जडलेले आहे.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये पोपची आज्ञा सर्वत्र चालते. तशी आज्ञा देण्याचा अधिकार या कुटुंबात कोणासही नाही. कँटरबरीचे आर्चबिशप समानांमधील अग्रणी मानले जातात, पण इंग्लंडबाहेरील एखाद्या प्रांताचा कारभार हाती घेण्याची सत्ता त्यांना नाही. दक्षिण आफ्रिकेतील नाताळचे बिशप कोलेन्झो यांच्या बायबलविषयक मतांवरून वाद माजला असता आर्चबिशप लाँगली यांनी 1867 मध्ये पहिली लँबेथ परिषद बोलाविली. त्या परिषदेस 76 बिशप आले. आणि ही परिषद कायदे करणार नाही, केवळ विचारविनिमय करील, हे आरंभीच स्पष्ट करण्यात आले. पुढे 1971 मध्ये केनियातील लिमुरू येथे अँग्लिकन सल्लागार मंडळाची पहिली बैठक भरली व त्यात धर्मगुरू आणि सामान्य श्रद्धावंत यांनाही स्थान मिळाले; 1979 पासून प्रांतप्रमुखांच्या बैठका सुरू झाल्या. श्रद्धेच्या बाबतीत 1888 च्या लँबेथ परिषदेने चार गोष्टी पायाभूत ठरविल्या : पवित्र शास्त्र, प्रेषितांचा व नायसियाचा विश्वासांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि परंपरेने चालत आलेले बिशपपद.

मुंबई इलाख्यात मात्र अँग्लिकन चर्चचा प्रवेश सरकारी खात्याच्या रूपाने झाला. 1837 मध्ये मुंबईचा धर्मप्रांत स्थापन होऊन टॉमस कार हे पहिले बिशप झाले. चॅप्लेनांचा पगार सरकारी खजिन्यातून निघे, आणि त्यांची नेमणूक प्रामुख्याने पुणे व खडकीसारख्या लष्करी छावण्यांत आणि मुलकी ठाण्यांत असे. तोरणा व राजगड ज्या मुलखात उभे आहेत तो वेल्ह्याचा (आता राजगड तालुका) डोंगरी प्रदेश आणि भोर हे पंतसचिवांच्या संस्थानात मोडत असल्यामुळे, 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत, या चर्चचा तेथे फारसा संबंध आला नाही. त्या बाजूस ख्रिस्ती प्रचार पोचला तो निराळ्या वाटेने : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात चार्ल्स रीव्ह यांनी ऑस्ट्रेलियातील कार्यकर्त्यांच्या साह्याने उभारलेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनने नसरापूर येथे ठाणे केले. हे मिशन कोणत्याही एका चर्चचे नव्हते व त्याच्यावर बिशपही नव्हता. आजच्या एकाच पुणे जिल्ह्यात पगारी चॅप्लेनांचे चर्च आणि बिशपविरहित ग्राममिशन अशी दोन टोके नांदत होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील ऐक्यप्रयत्नांचे मोल कळणार नाही.

पुणे शहरात काउली फादर्स व इंग्लंडमधील वाँटेजच्या भगिनी या अँग्लिकन धर्मसंघांनी चालविलेले पंचहौद मिशन 1890 च्या चहापान-प्रकरणामुळे (तेथील चहापानावरून उठलेल्या वादामुळे) मराठी वाचकांस परिचित आहे. परंतु अधिकार आणि श्रद्धा यांचा खरा कस लागला तो त्याच भगिनीसंघाशी निगडित असलेल्या पंडिता रमाबाईंच्या बाबतीत. 1883 मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर थोड्याच काळात रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी व चर्चच्या विश्वासांगीकारांविषयी शंका उपस्थित केल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये अशी भूमिका हिंदुस्थानातील बिशपांनी घेतली तेव्हा, शास्त्र स्वतः वाचून निर्णय करण्याचा आपला हक्क त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात निक्षून मांडला. ज्या चर्चमध्ये हुकमापेक्षा संमतीला प्रतिष्ठा आहे असे म्हटले जाई, त्याच चर्चने एका विदुषीकडून आज्ञापालनाची अपेक्षा करावी, ही विसंगती रमाबाईंनी अचूक हेरली होती. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अँग्लिकन शासनपद्धतीची इतकी मर्मग्राही चिकित्सा त्या काळी अन्य कोणाही मराठी व्यक्तीने केलेली नाही.

1927 च्या कायद्यान्वये 1930 मध्ये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीरपणे विभक्त झाले. त्यानंतर मुख्य प्रश्न उरला तो इतर प्रॉटेस्टंट चर्चांशी एकीकरणाचा, आणि त्यातही पाळकांच्या दीक्षेचा. 1947 मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाने, बिशपच्या हस्ते दीक्षा न झालेल्या पाळकांस पुनर्दीक्षेविना स्वीकारले. यामुळे 1948 च्या लँबेथ परिषदेस त्याच्याशी पूर्ण सहभागित्व एकमताने मान्य करता आले नाही. उत्तर भारतातील एकीकरणाच्या वाटाघाटींनी यातून धडा घेतला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या नावाने सहा चर्चे एकत्र आली (अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन संबंधातील मेथडिस्ट), तेव्हा सर्वांच्या पाळकांवर प्रार्थनापूर्वक हस्तस्पर्श करण्यात आला. कोणाची पूर्वीची सेवा अवैध होती असे न म्हणता सर्वांची सेवा एक करण्यात आली. बालकांचा व प्रौढ श्रद्धावंतांचा, असे दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे मान्य झाले. बिशपांची निवड चर्चच्या घटनेनुसार होते, आणि सर्वोच्च निर्णय सिनडचा असून मॉडरेटर ठरावीक मुदतीपुरता निवडला जातो.

समलिंगी संबंधांविषयीच्या 1998 च्या लँबेथ ठरावापासून, आणि विशेषतः 2003 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या बिशपपदी एका समलिंगी धर्मगुरूची निवड झाल्यानंतर, जागतिक कुटुंबात पडलेली फूट मिटलेली नाही. 2008 मध्ये जेरूसलेम येथे असंतुष्ट गटाची स्वतंत्र परिषद भरली, आणि प्रांतांना लेखी कराराने बांधण्याची योजना 2012 मध्ये खुद्द इंग्लंडच्या बहुसंख्य धर्मप्रांतांनीच अमान्य केली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सिनडवर लँबेथचा कोणताही ठराव आपोआप बंधनकारक होत नाही. तसेच हे चर्च अँग्लिकन कुटुंबाबरोबरच सुधारित व मेथडिस्ट चर्चांच्या जागतिक संघटनांचेही सदस्य आहे.