पुराव्याचे ओझे

हैदराबाद संस्थानातील मुक्तिसंग्राम १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या शरणागतीने समाप्त झाला. परंतु त्या संग्रामात उतरलेल्या कित्येकांना पुढे दुसऱ्याच एका लढ्याला तोंड द्यावे लागले. आपण लढलो होतो, हे त्यांना सरकारदरबारी सिद्ध करावयाचे होते. बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, या सीमेवरील जिल्ह्यांत हा दुसरा लढा पहिल्याहून कितीतरी अधिक काळ चालला.

१९४७ च्या ऑगस्टात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी आंदोलन पुकारले. स्वामीजी तुरुंगात गेले. कासीम रझवीच्या रझाकारांचा जुलूम वाढत चालला. तेव्हा कार्यकर्त्यांनी संस्थानच्या हद्दीबाहेर, सोलापूर, अहमदनगर, अकोला, यवतमाळ, धारवाड अशा शेजारच्या जिल्ह्यांत, छावण्या उभारल्या. आळंद आणि अफझलपूर या तालुक्यांना सोलापूर जिल्हा लागूनच होता. तिकडून रात्री हद्द ओलांडावी, करोडगिरीचा नाका जाळावा, सरकारला उत्पन्न देणारी शिंदीची झाडे तोडावी आणि उजाडण्यापूर्वी परतावे, असा हा क्रम असे. त्याची किंमत सामान्य रयतेनेही मोजली. १९४८ च्या मे महिन्यात कल्याणी भागातील गोरटा या गावी रझाकारांनी केलेल्या हत्याकांडाची आठवण तेथे अद्याप पुसलेली नाही.

अशा कामाचा पहिला नियम म्हणजे मागे काही न ठेवणे. खरे नाव सांगावयाचे नाही, चिठ्ठी जवळ बाळगावयाची नाही, यादी शत्रूच्या हाती पडू द्यावयाची नाही. जो कार्यकर्ता हा नियम काटेकोरपणे पाळी, तो पकडला जात नसे. आणि जो पकडला गेला नाही, त्याचे नाव ना पोलिसांच्या दप्तरात ना तुरुंगाच्या वहीत. त्याच्या यशाने त्याचा पुरावाच नाहीसा केला होता.

त्यात १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना आली. त्रैभाषिक बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. जहिराबाद व नारायणखेडकडील भाग आंध्रात गेला. भालकी, हुमनाबाद, औराद आणि खुद्द बिदर म्हैसूर राज्यात राहिले. गुलबर्ग्याचेही कोडंगल आणि तांडूर हे तालुके आंध्राकडे गेले. यामुळे भालकीच्या एखाद्या सैनिकाचे घर एका राज्यात, ज्या छावणीत तो राहिला ती दुसऱ्या राज्यात, आणि जुन्या राजधानीतील दप्तर तिसऱ्या राज्यात, अशी अवस्था झाली. ते दप्तरही बव्हंशी उर्दूत. आणि नव्या कचेऱ्यांचा कारभार कन्नड, मराठी, तेलुगू व इंग्रजीत.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. सामान्यतः सहा महिन्यांचा कारावास ही तिची प्रमुख अट होती. भूमिगतांसाठीही वाट होती. परंतु फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, डोक्यावर इनाम लागल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा दाखला हवा असे. सीमेवरील छावण्यांतील सैनिक या चौकटीत सहजासहजी बसेना. १९८० मध्ये योजनेतील उत्पन्नाची मर्यादा काढून टाकण्यात आली. १९८५ मध्ये हैदराबादच्या सीमा-छावण्यांतील कार्यही मान्य झाले आणि अर्जांच्या छाननीसाठी खास समिती नेमण्यात आली. म्हणजे संस्थान विलीन झाल्यानंतर तब्बल ३७ वर्षांनी! ज्याचे दप्तर सापडत नसे, त्याला ते उपलब्ध नसल्याचा दाखलाही त्याच सरकारकडून मिळवावा लागे. कागद नाही, हे सांगण्यासाठीही कागदच हवा होता.

हा प्रश्न केवळ बिदर-गुलबर्ग्याचा नव्हे. राज्याची सेवा करताना ज्याची हानी झाली, त्याने ती सेवा आणि ती हानी कितपत सिद्ध करावी, हा वाद जगात अन्यत्रही झाला आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे आहे. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन सैन्याने तेथील अरण्ये आणि पिके निष्पर्ण करण्यासाठी सुमारे २ कोटी गॅलन तणनाशके फवारली. पिंपांवरील नारिंगी पट्ट्यामुळे 'एजंट ऑरेंज' या नावाने ओळखल्या गेलेल्या द्रव्यात डायॉक्सिन हे विष मिसळलेले होते. पुढे सैनिकांना कर्करोगासारखे आजार होऊ लागले. विमाने कोठे उडाली याची नोंद होती. पण कोणता सैनिक त्या वेळी कोणत्या झाडाखाली होता, याची नोंद कोणी ठेवली होती? १९८४ मध्ये उत्पादक कंपन्यांनी १८ कोटी डॉलर देऊन दावा आपसात मिटवला. त्यामुळे आजाराचे कारण न्यायालयात निश्चित झालेच नाही. अखेर १९९१ च्या कायद्याने हा पेच सोडवला. सैनिक त्या भूमीवर होता आणि त्याला यादीतील रोग झाला, एवढे दिसले की त्याला विषाचा संसर्ग झाला होता असे गृहीत धरावयाचे. २०२२ मध्ये त्या यादीत उच्च रक्तदाबाचीही भर पडली.

भारतीय सेनेच्या १९८२ च्या नियमांतही हेच तत्त्व होते. भरतीच्या वेळी ज्याच्या शरीरात दोष नोंदलेला नाही, त्याला पुढे आजारामुळे सेवेतून मुक्त करावे लागले, तर तो आजार सेवेमुळे उद्भवला असे मानावे. २०१३ मध्ये अपस्माराने पीडित अशा एका शिपायाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या आधारे सांगितले की, पुराव्याचा भार सैनिकावर नव्हे, सेवायोजकावर आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीतही न्यायालयाची दृष्टी निराळी नव्हती. अर्ज उशिरा आला एवढ्याच कारणाने तो फेटाळू नये, असे १९९३ मध्ये, आणि फौजदारी खटल्यातील निःसंशय पुरावा न मागता संभाव्यतेच्या कसोटीवर निर्णय करावा, असे २००१ मध्ये त्याने सांगितले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. दार उघडे ठेवले की तोतयेही आत शिरतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात शेकडो बनावट स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन मिळाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती पालकर यांचा आयोग नेमावा लागला. २००५ मध्ये न्यायालयाने अशा लबाडीविषयी कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली. तथापि या घटनेचा बोध नीट घेतला पाहिजे. तोतयाला कागदाची अडचण क्वचितच पडते, कारण तो कागद तयार करून आणतो. अडचण पडते ती खऱ्या माणसाला, ज्याच्याजवळ नसलेला कागद तो बनवू इच्छीत नाही. केवळ कागदावर भिस्त ठेवणारी कसोटी लबाडाला पास करते आणि प्रामाणिकाला नापास. सोबत्यांची साक्ष, गावची माहिती, छावणीच्या हकिगतीचा मेळ, अशी चौकशी अधिक कष्टाची खरी. पण ते कष्ट सरकारने घ्यावयाचे असतात, ऐंशी वर्षांच्या वृद्धाने नव्हे.

सीमा-छावण्यांतील ती पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. जे अर्ज निकाली निघेपर्यंत अर्जदारच उरला नाही, त्यांचा न्याय आता होणे नाही. परंतु सैनिक पुढेही सेवा करतील, आजारी पडतील आणि मागणी घेऊन येतील. त्यांची नोंद त्यांच्या सेवेच्या काळातच नीट ठेवणे राज्याला शक्य असते. ती ठेवली नसेल, तर त्या उणिवेचा भुर्दंड सैनिकाच्या माथी मारण्याचा अधिकार राज्याला उरत नाही.