काळ्या पाण्यावरची जोडपी

लग्नाला एकोणीस वर्षे झाल्यावर आम्ही दोघे प्रथमच केवळ पाहण्यासाठी म्हणून प्रवासाला निघालो. तोवरचे आमचे सारे प्रवास नात्यागोत्याचे, पेपर तपासणीचे, नाहीतर देवाधर्माचे. तिसगावात राहणाऱ्याला मढीची यात्रा आणि मोहट्याची नवरात्रातली गर्दी चुकत नाही. एकदा पंढरपूरही झाले होते. पण ज्या प्रवासाला नवस नाही, लग्नपत्रिका नाही आणि कामाचा आदेशही नाही, असा प्रवास आमच्या खाती जमा नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचे ठरले, तेव्हा शेजारच्या आजी ओट्यावरूनच म्हणाल्या, "काळ्या पाण्याला चाललाय व्हय सर? आन् मॅडमलाबी संगं नेताय?"

आम्ही हसलो. पण आजींच्या वाक्यातला तो 'संगं' शब्द प्रवासभर माझी पाठ सोडीना. आजींच्या लेखी काळे पाणी म्हणजे माणूस एकटा जातो ती जागा. तिथे बायकोला बरोबर नेता येते, ही गोष्ट त्यांना अंदमान पाहण्याजोगे आहे यापेक्षाही अधिक आश्चर्याची वाटली असावी. विचार केला तर आजींचे आश्चर्य इतिहासाला धरूनच होते. अंदमानचा इतिहास आपण बंदिवानांचा, क्रांतिकारकांचा, क्वचित साम्राज्याचा म्हणून वाचतो. तो नवराबायकोचा इतिहास म्हणून वाचला तर काय दिसते, हे येथे मांडून पाहावयाचे आहे.

इंग्रजांनी अंदमानात पहिली वसाहत १७८९ साली केली आणि रोगराईमुळे ती १७९६ साली गुंडाळली. खरी दंडवसाहत सुरू झाली ती १८५७च्या उठावानंतर. मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर सुमारे दोनशे बंदिवानांना घेऊन तेथे उतरला. समुद्र ओलांडला की जात गेली, ही आपल्या समाजाची सिंधुबंदी सरकारला आयतीच उपयोगी पडली. बेड्यांनी शरीर बांधता येत होते. काळ्या पाण्याने माणसाचे गोत तुटत होते. जो गेला तो घरच्यांच्या लेखी मेल्यासारखा, आणि त्याची बायको सवाष्ण असूनही विधवेसारखी. तिच्या या स्थितीला आपल्या भाषेत नाव नाही. जन्मठेपेला शब्द आहे. जन्मठेप झालेल्याच्या बायकोच्या जन्माला शब्द नाही.

पण केवळ कैदी डांबून वसाहत उभी राहत नाही. जंगल तोडायचे, जमीन कसायची, गाव वसवायचे, तर संसार हवेत. म्हणून सरकारने एक व्यवस्था केली. ठराविक वर्षे चांगल्या वर्तणुकीने काढलेल्या कैद्याला सुटे राहण्याचे तिकीट मिळे. तो जमीन कसून, गुरे राखून आपले पोट आपण भरी. अशा कैद्याला देशातून बायकोमुले आणवून घेण्याची मुभा होती. पण येणारी कुटुंबे थोडीच. तेव्हा दुसरी वाट म्हणजे तिथल्याच एखाद्या स्त्री-कैद्याशी लग्न. तिनेही आपली काही वर्षे भरलेली असली पाहिजेत. स्त्रियांचा तुरुंग वेगळा होता. तेथे बायकांना रांगेत उभे करीत, पुरुष पाहून पसंती सांगे, बाईची संमती विचारली जाई, आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीने लग्न नोंदले जाई. पोर्ट ब्लेअरमध्ये शादीपूर नावाची एक वस्ती आजही आहे. या लग्नांवरूनच तिला ते नाव पडले, असे तिथे सांगतात.

शादीपूरच्या रस्त्यावर आमची रिक्षा थांबली होती. आजूबाजूला नेहमीचीच दुकाने, शाळेतून परतणारी मुले. चालकाने नावाची हकिगत सांगितल्यावर ही सहज म्हणाली, "म्हणजे पाहण्याचा कार्यक्रमच की. फक्त कांदेपोहे नाहीत." विनोद कडवट होता, पण नेमका होता. रांगेत उभ्या असलेल्या त्या बाईला नकार देण्याचा अधिकार कागदोपत्री असेलही. पण नकारानंतर तिला परत जायचे होते तुरुंगातच. संमती नावाची गोष्ट केवळ विचारण्याने सिद्ध होत नाही, नकाराची किंमत काय यावर ती ठरते. आपल्याकडच्या किती लग्नांना ही कसोटी लावता येईल, हा प्रश्न मी तेथे तोंडाने विचारला नाही.

आणि तरीही या लग्नांतून एक समाज उभा राहिला. जात, प्रांत, भाषा यांचे हिशेब तेथे पाळणे शक्यच नव्हते. बंगाली, पंजाबी, मद्रासी, मराठी, कोणाचा कोणाशी मेळ बसेल ते बसेल. त्यांची मुले आपापसांत हिंदुस्थानी बोलत वाढली. मुख्य भूमीवर सुधारकांना व्याख्याने देऊन जे साधत नव्हते, ते येथे दंडविधानाच्या पोटातून, कोणाचाही तसा हेतू नसताना घडले. सावरकरांच्या 'काळे पाणी' (१९३७) या कादंबरीत अंदमानच्या कैद्यांचे हे जग येते. वर्गात ती कादंबरी साहसकथा म्हणून वाचली जाते. तिच्यातील संसारांकडे लक्ष देऊन वाचली, तर ती जातिसंस्थेविषयीही काही बोलते, असे मला वाटते.

शादीपूरची जोडपी सरकारने जुळवली. दुसरी काही जोडपी सरकारने तोडली. राजकीय बंद्यांना संसाराची ही वाट जवळजवळ बंदच होती. नाशिकच्या सावरकर कुटुंबाची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे, पण ती बहुधा दोन भावांची कथा म्हणून. बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप झाली. विनायकराव ४ जुलै १९११ रोजी अंदमानात उतरले. एकाच तुरुंगात असून दोघा भावांची भेट होऊ दिली जात नव्हती. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात शाखा, तीन मजले आणि सुमारे सातशे एकांत कोठड्या. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद अशी एक कोठडी. एका शाखेचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्याचा चेहराही दिसू नये. कोलूला जुंपलेल्या माणसाने दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचे. हे सारे 'माझी जन्मठेप' (१९२७) मधून आपल्या परिचयाचे आहे.

पण त्याच वर्षांत नाशिककडे दोन बायका होत्या. थोरली जाऊ येसूवहिनी आणि धाकटी माई, म्हणजे यमुनाबाई. घरादारावर जप्ती, ओळखीच्यांनी ओळख न दाखवणे, पोलिसांचा पहारा आणि वर्षाकाठी येणारे एखादे पत्र, एवढ्यावर त्यांनी दिवस काढले. लंडनहून विनायकरावांनी वहिनींना उद्देशून लिहिलेली 'सांत्वन' ही कविता आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. सांत्वन करणाऱ्याचा आवाज त्यामुळे आपल्या कानात आहे. जिचे सांत्वन केले, तिचा आवाज मात्र आपल्यापाशी फारसा नाही. भेटीसाठी परवानगीचे अर्ज होत राहिले. अखेर १९१९ साली परवानगी आली, तेव्हा येसूवहिनी हयात नव्हत्या. माई आपले धाकटे दीर डॉ. नारायणराव यांच्यासोबत समुद्र ओलांडून गेल्या. सुमारे आठ वर्षांनी त्यांनी पतीचे तोंड पाहिले, तेही पहाऱ्यात आणि घड्याळाच्या काट्यावर. भेटीला आलेल्या माणसांत येसूवहिनी नव्हत्या.

मराठी स्त्रीने अंदमानला केलेल्या प्रवासांत मला हा प्रवास सर्वांत मोठा वाटतो. कागदोपत्री बघितले तर तोही एका स्त्रीने बेट पाहून परत येण्याचाच प्रवास. त्यात प्रेक्षणीय स्थळ एकच होते. मे १९२१ मध्ये दोघा भावांना मुख्य भूमीवर आणले गेले. पुढे १९२२ मध्ये बाबाराव सुटले. पण ज्या घरी परतायचे, ते घर आता उरले नव्हते. सावरकरांच्या राजकारणाविषयी, त्यांच्या अर्जांविषयी आपल्यात तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु बाबारावांच्या त्या रिकाम्या परतीबद्दल कोणत्याही पक्षाच्या वाचकाचा मतभेद असण्याचे कारण नाही.

आज या बेटावर उतरताना विमानतळाला सावरकरांचे नाव आहे (२००२ पासून). शहराचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. रॉस, हॅवलॉक, नील या बेटांना २०१८ साली नवी नावे मिळाली. तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीन उरल्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तो राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण झाला. संध्याकाळी प्रांगणातल्या जुन्या पिंपळाच्या तोंडून ध्वनिप्रकाशाच्या खेळात सारा इतिहास सांगितला जातो. आमच्या आजूबाजूला बहुतेक जोडपीच होती. हातातला लग्नाचा चुडा अजून न उतरलेल्या नव्या मुली होत्या, निवृत्त झालेले गुरुजी आणि त्यांच्या कुटुंबही होत्या. कोलूपाशी, फाशीघरापाशी फोटो निघत होते. आमचेही निघाले. यात गैर आहे असे मी म्हणणार नाही. जिथून माणसे परतत नसत, तिथे नवराबायको खांद्याला खांदा लावून बसतात आणि आठ दिवसांनी घरी जातात, हा त्या तुरुंगाचा पराभवच आहे. मात्र पिंपळाच्या त्या कथनात शादीपूरची रांग नव्हती आणि दारात वाट पाहणारी येसूवहिनीही नव्हती. कोठडी दाखवता येते. वाट पाहणे कसे दाखवणार? ते काम वास्तूचे नाही, साहित्याचे आहे. आणि साहित्यानेही ते पुरेसे केलेले नाही.

पाहण्यालाही मर्यादा हवी, याचाही एक धडा तेथे मिळाला. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. ही बेटे १८५८ साली रिकामी नव्हती. तेथे माणसे हजारो वर्षांपासून संसार करीत होती, आणि वसाहतीने आणलेल्या रोगांनी त्यांतल्या अनेक जमाती जवळजवळ संपवल्या. याच रस्त्यावर पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याचे चित्रण २०१२ मध्ये उघडकीस आले आणि जगभर संताप झाला. सहलीच्या यादीतले ते नाव आम्ही खोडले. ही म्हणाली, "रांगेत उभे करून पाहणे एकदा झाले तेवढे पुरे."

मराठी प्रवासवर्णनात जोडपे नवे नाही. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) सपत्नीक प्रवास मराठी घराघरांत नेला. परंतु या परंपरेत लिहिणारा बहुधा नवरा असतो, आणि बायको ही त्याच्या विनोदाची सोबतीण. ती काय पाहत होती, हे आपल्याला त्याच्या नजरेतूनच कळते. हा लेखही त्या दोषातून सुटलेला नाही, याची मला जाणीव आहे. या लेखातली धारदार वाक्ये तिची आहेत आणि सही माझी.

परतताना आम्ही रात्री नगरला उतरलो. पहाटेच्या गाडीने पाथर्डी रस्त्याला लागलो, तेव्हा समोरून ट्रकमागून ट्रक येत होते. पत्र्याच्या पेट्या, चुलीचे सरपण, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी आणि वर गोधड्यांत गुंडाळलेली माणसे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता. आमच्या भागातल्या या प्रवाशांच्या मोजणीचे माप 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे एक नवराबायको. मुकादमाकडून उचल जोडीवर मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पाच-सहा महिने दोघे एका फडातून दुसऱ्या फडात जातात, कोपीत राहतात. वर्गातल्या कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीनंतर असे 'संगं' प्रवासाला निघतात.

तेव्हा कुठे आजींच्या शब्दाचा अर्थ मला पुरता उमगला. शादीपूरचे जोडपे वसाहतीला हवे होते म्हणून जुळवले गेले. नाशिकची जोडपी राज्याला नको होती म्हणून तोडली गेली. ट्रकवरचे जोडपे कारखान्याला हवे आहे म्हणून एकत्र जाते. नवराबायकोने कोणाच्याही कामासाठी नव्हे, तर आपल्यासाठी चार दिवस एकत्र जाऊन समुद्र पाहावा, ही गोष्ट इतिहासात फार नवी आहे आणि आमच्या गावात अजून थोड्यांच्याच वाट्याची आहे.

आजींना मी शंखांची एक माळ आणली होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि विचारले, "पाणी खरंच काळं आसतं का वं तिथलं?" मी सांगितले, नाही, निळे आहे, आणि काठाशी तर हिरवे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे सतरा हंगाम गेले माझ्यासंगं. पर समुद्र काय बघितला न्हाई."